इंदूरमध्ये आपल्या वार्डात कुठलं काम होणार आहे, हे जेसीबी दारात येण्याआधी कसं कळेल?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या गल्लीतल्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवल्या. तुम्ही नाशिकहून इथे आलात, दोन वर्षं झाली. रस्ता खणायला लागल्यावरच काम कळतं. मोबाइलवरच्या गटात दर आठवड्याला ‘ड्रेनेज लाइन मंजूर झाली’ असा निरोप येतो आणि पुढे काही होत नाही. खरी माहिती कुठून काढायची, ती शेजाऱ्यांना कशी सांगायची, असं तुम्ही विचारलंय.

मी सुदामानगरात तीस वर्षं राहते. बँकेतून निवृत्त झाले आणि गल्लीतल्या कामांची एक वही ठेवायला लागले. त्या वहीच्या जोरावर हे लिहिते आहे.

आधी ‘मंजूर’ या शब्दाबद्दल सांगते. सगळा घोळ तिथेच आहे. पार्षदांनी (नगरसेवकाला इथे पार्षदच म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा, पटकन काम होतं) लेटरहेडवर पत्र दिलं की गल्लीत बातमी फुटते: ‘मंजूर!’ खरं तर तो नुसता प्रस्ताव असतो. मग उपयंत्री (पालिकेचा कनिष्ठ इंजिनीयर) जागेवर येऊन टेप लावतो आणि इस्टिमेट बनतं. तेव्हा पुन्हा ‘मंजूर!’ त्यानंतर तांत्रिक मंजुरी, मग पैशाची मंजुरी. ती रकमेप्रमाणे आयुक्त, महापौर परिषद किंवा पूर्ण परिषदेपर्यंत जाते. मग निविदा निघते. निविदा उघडून ठेकेदार ठरला की कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. काम सुरू होतं ते त्याच्यानंतर. एवढ्या पायऱ्यांमध्ये सहा महिने सहज जातात, वर्षही जातं, आणि गल्लीला सगळ्या पायऱ्यांवर एकच शब्द ऐकू येतो. म्हणून कुणी ‘मंजूर झालं’ म्हणालं की मी एवढंच विचारते: कार्यादेश निघाला का, त्याचा क्रमांक काय? क्रमांक नसेल तर मी वहीत ‘प्रस्ताव’ लिहिते, कितीही मोठ्या माणसाने सांगितलेलं असो.

नाशिकच्या सवयीने तुम्ही कदाचित थेट पालिकेच्या मुख्य इमारतीत जाल. इथे त्याची गरज क्वचित पडते. इंदूर महानगरपालिकेत ८५ वार्ड आहेत. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १९ लाखांच्या वर होती, म्हणजे तेव्हाच एका वार्डाला सरासरी बावीस-तेवीस हजार माणसं येत होती. मध्य प्रदेशात एवढ्या वस्तीच्या कितीतरी गावांना स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचा सीएमओ (मुख्य अधिकारी) आणि स्वतःची नगर परिषद असते. आपल्या वार्डाला एक पार्षद, एक उपयंत्री आणि एक दरोगा, म्हणजे सफाईवर देखरेख ठेवणारा पालिकेचा माणूस. ही तीन माणसं आणि झोन कार्यालय, म्हणजे पालिकेचं आपल्या भागातलं कार्यालय, तुमचं गाव एवढंच आहे असं समजा. दरोगा सकाळी कचरागाड्यांच्या वेळी गल्लीतच भेटतो आणि कुठे काय खणणार आहेत हे बहुतेक वेळा त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं. त्याच्याशी नीट बोला, चहा पाजा. माझ्या वहीतल्या निम्म्या पहिल्या बातम्या त्याच्याकडूनच आल्यात.

काम कुणाचं आहे हेही पहिल्यांदाच शोधायला लागतं. शेजारशेजारचे दोन रस्ते दोन वेगळ्या कार्यालयांचे असू शकतात. एक महानगरपालिकेचा, दुसरा इंदूर विकास प्राधिकरणाचा, तिसरा लोक निर्माण विभागाचा (म्हणजे पीडब्ल्यूडीचा), आणि बगीच्यातला शेड खासदार निधीतून. भलत्याच कार्यालयात अर्ज दिलात तर महिना फुकट जातो.

आता आमच्या गल्लीची गोष्ट. यातून मी जे शिकले ते कुठल्याही कागदावर वाचून कळलं नसतं.

गल्लीत सिमेंट रस्ता होणार असं कळलं आणि सगळे खूश झाले. जुना रस्ता आधीच दोनदा थरावर थर देऊन वर आलेला होता. कोपऱ्यावरच्या आजींच्या ओटल्याला मुळात तीन पायऱ्या होत्या, तेव्हा एकच उरली होती. ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी जुन्या थरावरच लोखंडी चॅनेल लावायला सुरुवात केली. आजी म्हणाल्या, ‘अगं, आता मी पायरी उतरून घरात जायची का?’ आम्ही मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, ‘इस्टिमेट में यही है.’ आमच्यापैकी कुणीही इस्टिमेट पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आम्ही गप्प बसलो. दोन दिवसांत पहिल्या चार घरांसमोरचं काँक्रीट पडलं.

तिसऱ्या दिवशी मी आणि समोरचे काका, दोघं संबंधित कार्यालयात जाऊन बसलो. इस्टिमेट बघायला मागितलं. एका भल्या कारकुनाने फाइल समोर ठेवली. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: जुना थर खोदून काढणे, मलबा वाहून नेणे. त्याचे घनमीटर होते, दर होता, रक्कम होती. म्हणजे खोदाईचे पैसे धरलेले होते आणि ठेकेदार खोदाई करत नव्हता. काकांनी त्या पानावरचे आकडे हाताने उतरवून घेतले. त्याच दुपारी आम्ही अकरा जणांनी सही करून अर्ज दिला आणि पोच घेतली. दुसऱ्या दिवशी काम थांबलं, चार दिवसांनी रस्ता फोडायचा ब्रेकर आला, आणि पाचव्या घरापासून पुढचा रस्ता खोदून खाली घेऊन बनला. आमच्या घरासमोर आज दोन पायऱ्या आहेत. पहिल्या चार घरांसमोर नाहीत.

त्या दोन दिवसांची चुटपुट मला अजून आहे. काम सुरू होण्याआधी कुणीतरी ते एक पान बघितलं असतं तर चार घरं वाचली असती. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: कार्यादेश निघाला की इस्टिमेट बघा. काम सुरू होण्याआधी. इंजिनीयर असायची गरज नाही. लांबी किती, रुंदी किती, जाडी किती, जुनं खोदायचं आहे का, पावसाचं पाणी जायला लाइन आहे का, आणि काम बिघडलं तर किती वर्षं ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचं आहे, एवढंच बघायचं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. ती मुदत कागदावर असते. रस्ता त्या काळात उखडला तर ठेकेदाराला बोलवता येतं.

फाइल प्रत्येक वेळी अशी सहज मिळत नाही. मग २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. अर्जात ‘गल्लीच्या रस्त्याची सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. सुटसुटीत मागा: अमुक कामाचं इस्टिमेट, कार्यादेश, एम.बी.ची प्रत. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. प्रत्यक्षात किती काम झालं ते उपयंत्री त्यात मोजून लिहितो आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. इस्टिमेट सांगतं काय व्हायचं होतं, एम.बी. सांगते काय झालं म्हणून पैसे दिले, आणि तिसरी गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर असते. या तिन्ही शेजारी ठेवल्या की फारसं बोलावं लागत नाही. आणखी एक: याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकारही नागरिकाला आहे. ही तरतूद फार कमी लोक वापरतात.

निविदा तर घरबसल्या दिसतात. मध्य प्रदेश शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर चालू निविदा कुणालाही बघता येतात, खातं उघडावं लागत नाही. महिन्यातून एकदा बसून वार्डाचं आणि कॉलनीचं नाव शोधायचं. आमच्याकडे हे काम एका कॉलेजातल्या मुलीने घेतलंय, तिला दहा मिनिटं लागतात.

वेळही सांभाळा. महानगरपालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. गल्लीला काही हवं असेल तर दिवाळी ते संक्रांत या काळात पार्षदांना लेखी द्या, पंधरा-वीस सह्यांनिशी. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर जून महिन्यात पाणी तुंबलं म्हणून धावत गेलात तर चेंबर साफ होईल. नवीन लाइन त्या वर्षी पडणं कठीण.

रोजच्या तक्रारींचं फार लिहीत नाही. दिवाबत्ती, कचरा, तुंबलेलं चेंबर यांना इंदूर ३११ ॲप पुरतं, फोटो टाका. अडून बसलं तर १८१, सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार ठरल्या मुदतीत सुटली नाही की एल-१ म्हणजे पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्याकडून एल-२ कडे, अशी वर एल-४ पर्यंत चढते. मधेच फोन येतो, ‘काम हो गया, शिकायत बंद कर दें?’ स्वतः जाऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि मंगळवारी जनसुनवाई असते, अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे कागद हातात घेऊन उभं राहता येतं. तोंडी सांगायला जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, शेजाऱ्यांना कसं सांगायचं. मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो. गणपतीच्या मांडवाजवळ आम्ही एक फळा लावलाय. वर मराठीत, खाली हिंदीत, कारण गल्लीत निम्मी घरं हिंदी बोलणारी आहेत आणि खड्डा सगळ्यांचा आहे. त्यावर लिहायचे तीन नियम आम्ही ठरवले. तारीख हवी. कुणी सांगितलं ते हवं, दरोगा, उपयंत्री की कागद. आणि काम कुठल्या पायरीवर आहे ते हवं. ‘पाण्याची लाइन बदलणार’ एवढं कुणी लिहिलं तर मी पुसते. ‘पाण्याची लाइन: इस्टिमेट झालं, निविदा नाही, उपयंत्र्यांनी १२ तारखेला सांगितलं’ हे चालतं. मोबाइलच्या गटात त्या फळ्याचा फोटो जातो, दुसरं काही नाही. सुरुवातीला लोक रागावले, मी मास्तरीण झाले म्हणाले. वर्षभरात अफवा थांबल्या. पार्षदांच्या घरून फोन आला, ‘ताई, फळ्यावर हे पण लिहा.’ तेव्हा त्यांनाही मी तारीख आणि क्रमांक विचारला, आणि त्यांनी दिला. नळाला इथे एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा पाणी कधी येणार नाही हे आदल्या संध्याकाळी फळ्यावर दिसणं म्हणजे काय, हे घरात म्हातारी माणसं असलेल्यांना विचारा.

लोकांना आधी सांगण्याने काय होतं याचं एक जुनं उदाहरण याच शहरात आहे. प्लेगच्या दिवसांत, १९१७ साली, होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्याने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि आधीच जाहीर केलं: मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त केलेली असतील तिथून जाईल. लोक आपणहून कामाला लागले. शहर सतत स्वच्छतेत पहिलं येतं तेव्हा मला ती मिरवणूक आठवते. लोकांना निकष आणि वेळ दोन्ही आधी माहीत होते.

आणि अलीकडचंही एक. २०२३च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने नर्मदेकाठच्या जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी हरित रोखे (पर्यावरणाच्या कामांसाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढून २४४ कोटी रुपये उभे केले. नर्मदेचं पाणी तिथून जवळपास ७० किलोमीटर उचलून आणायला जी वीज लागते, तिच्यासाठी. बँकेतली बाई म्हणून मी ते बारकाईने पाहिलं. पैसा कुठे लागणार, परत कसा मिळणार, धोके कोणते, सगळं कुणालाही वाचता येईल असं छापलेलं होतं, कारण रोखे घेणाऱ्याला ते सांगावंच लागतं. म्हणजे मोठ्या कामाची एवढी स्वच्छ माहिती देता येते. माझ्या गल्लीच्या रस्त्याचं एक पान झोन कार्यालयाच्या भिंतीवर लागावं, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी दर वर्षी लेखी देते.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एक साधी वही घ्या आणि झोन कार्यालयात जाऊन आपल्या वार्डाच्या उपयंत्र्यांचं नाव विचारून या. एवढं या आठवड्यात होईल.

आमच्या पहिल्या चार घरांचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये त्यांच्या उंबऱ्यापाशी पाणी अडवायला अजून लाकडी फळ्या लावाव्या लागतात. आजींच्या दारासमोर जाळीची नाली करून द्यावी, असा अर्ज दिलाय. वहीत तो ४७व्या पानावर आहे. सध्या पायरी: इस्टिमेट झालं, निविदा नाही.