घोडबंदर रोडला झेड४ लोअर करायची? आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतली आहे, ई८९ मॉडेल, एसड्राइव्ह३५आय. राहता कासारवडवलीला, गाडी टॉवरच्या पोडियमवर लागते. चाक आणि फेंडरमधली फट डोळ्यांत खुपते, म्हणून ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि पुढे १२, मागे १५ मिमीचे स्पेसर (हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या, चाक बाहेर आणणाऱ्या चकत्या) टाकायचा विचार आहे. रोज चालवता येईल का आणि आरटीओचं काय?

मी तुर्भ्याला सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करतो. माझं मत सरळ आहे : स्पेसर टाका, स्प्रिंगा राहू द्या. तुम्ही पामबीचला राहत असतात तर कदाचित वेगळं बोललो असतो. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे आणि सर्व्हिस रोड जोडण्याच्या कामामुळे जागोजागी रस्त्याची पातळी बदलते, आणि पावसाळ्यात गायमुखच्या चढाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार!

लोक ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बघतात आणि त्यातून ३० वजा करतात. तो हिशेब चुकीचा नाही, पण कामाचा नाही. कामाचा आकडा म्हणजे अडथळ्यावरून जाताना पोटाखाली शिल्लक किती राहते तो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे गोल पाठीचा असतो. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४९६ मिमी. गाडी बरोबर मधोमध आली की चारही चाकं त्याच उंचवट्यावर असतात, त्यामुळे माथा पोटाकडे येतो तो फक्त ४६ मिमी. असे गतिरोधक असतील तर तुमच्या ३० मिमीवर कुणी चर्चाच करणार नाही.

पण आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी आणि सोसायटीच्या गेटवर असतो तो हातभर रुंदीचा डांबराचा ढिगारा. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं जमिनीवर असतात आणि त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. समजा रिकाम्या गाडीखाली, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागापाशी तुम्ही १२५ मिमी मोजलेत. दोन माणसं बसली, टाकी भरली, डिकीत बॅगा टाकल्या की त्यातले साधारण १५ गेले. उरले ११०. ढिगारा १०० चा असेल तर शिल्लक १० मिमी. आता त्यातून ३० काढा. एक्झॉस्ट घासणारच, तुम्ही कितीही हळू घ्या. तिरकी घातली तर एकेक चाक चढतं आणि थोडी सुटका होते, पण मागचा रिक्षावाला तेवढा धीर धरत नाही.

पोडियमच्या रॅम्पचंही असंच. उतार १:८ असेल आणि सपाट भागाशी मिळतो तिथे कडा गोल केलेली नसेल, तर ती कड पोटाकडे साधारण ७८ मिमी येते. बिल्डरने वर-खाली बदलता उतार दिला असेल तर चिंता नाही. नसेल तर रोज दोनदा तोच प्रसंग. म्हणून टेप घ्या आणि गाडीत दोन माणसं बसवून मोजा : पुढच्या बंपरचा खालचा ओठ, एक्झॉस्टचा सगळ्यात खालचा भाग आणि जॅक लावायच्या जागा. मग स्वतःच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट ढिगारा मोजा. ब्रोशरमधला आकडा विसरा.

आता स्प्रिंगांबद्दल, कारण नुसतं घासणं एवढाच प्रश्न नाही. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरली. समजा मूळ ८० मिमी होती, आता ५० आहे. खड्ड्याचा तोच मार तेवढ्या जागेत स्प्रिंगनेच जिरवायचा तर ती अडीच पट कडक हवी, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा तेवढ्या कडक नसतात, आणि असल्या तर तुम्ही त्या आठवडाभरात काढायला सांगाल. मग उरलेला मार कुठे जातो? बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेल्या रबरी बफरवर. तो बसला की धक्का थेट बॉडीला. त्यात तुमच्या गाडीला कंपनीचे रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर असतील तर त्यांच्या बाजू आधीच कडक. पुढे २२५/४०, मागे २५५/३५, अठरा इंची चाकं. मागच्या टायरच्या बाजूची उंची नव्वद मिमीच्या आतच. असा टायर खड्ड्यात गेला की अलॉय वाकते किंवा तिला आतल्या कडेला तडा जातो, आणि स्टेपनी या गाडीत नाहीच.

कॉर्नरिंग सुधारतं हेही अर्धंच खरं. पुढे मॅकफर्सनसारखा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे. गाडी फार खाली आली की लोअर आर्म चाकाकडून आत उतरत जातो आणि रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे वळणावर गाडीला कलंडवणारा दांडा उलट लांब होतो. कडक स्प्रिंग ते झाकून टाकते, आणि मालकाला वाटतं की खाली बसवल्यामुळे गाडी चिकटून चालते. दहा-पंधरा मिमीपर्यंत हा फरक क्षुल्लक, तीसला नाही.

तरीही करायचंच असेल तर (आणि मला माहीत आहे, अर्धे जण वाचून करतातच) अशी करा. ई८९ २०१६ साली बंद झाली, त्यामुळे तुमची गाडी कितीही कमी चाललेली असली तरी शॉकअप म्हातारे आहेत. जुन्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग म्हणजे गाडी उड्या मारणार. शॉकअप, वरचे माउंट आणि बंप स्टॉप सोबतच बदला. गाडीला इलेक्ट्रॉनिक डँपर (म्हणजे शॉकअप) आहेत की साधे, हे आधी चासी नंबरवरून काढा, स्प्रिंगचा पार्ट नंबर त्यावर ठरतो. मूळ स्प्रिंगच्या वेढ्या कापून देणारा कुणी भेटला तर चहा पिऊन निघून या. शक्य असेल तर स्प्रिंगांऐवजी उंची बदलता येणारे कॉइलओव्हर घ्या आणि १५ मिमीवर थांबा. नाही जमलं तर वर करता येतं.

बसवताना एक गोष्ट बहुतेक गॅरेजात चुकते, ती उभं राहून बघा. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना पक्के करायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करायचे. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो, आणि मग ‘लोअर केल्यापासून खडखड येते’ म्हणत गाडी आमच्याकडे येते. स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. म्हणून एक अलाइनमेंट लगेच, दुसरी त्यानंतर. मागे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही जुळवता येतात, पुढे टो जुळतो, कॅम्बरला वाव फार थोडा. मागचा टो बिघडलेला राहिला तर टायरची आतली कड तारांपर्यंत जाते आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

आता स्पेसर. तुम्हाला खुपते ती फट दोन दिशांची आहे : चाकाच्या वरची आणि चाक आत गेल्यामुळे दिसणारी. दुसरी बुजली की पहिली निम्मी जाणवेनाशी होते, दोन बोटांचा खेळ आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ईटी लिहिलेला असतो, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं मिमीतलं अंतर. समजा पुढे २९ आहे. १२ चा स्पेसर टाकला की तो १७ झाला, म्हणजे चाक १२ मिमी बाहेर आलं. जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर जास्त ताण, स्टिअरिंग खड्ड्यात जास्त ओढणार, आणि दारांवर चिखल-खडी जास्त उडणार. पुढे १०, मागे १२ इथे मी थांबलो असतो. स्प्रिंगा न टाकता मागे १५ बसतील, स्प्रिंगांबरोबर मात्र नाही : एक चाकाला वर नेते, दुसरा बाहेर, आणि दोघांची गाठ फेंडरच्या कडेशी पडते.

स्पेसर पाच बोल्टांचा, ५×१२० पीसीडीचा (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १२० मिमी), आणि मधलं भोक ७२.६ मिमी असलेला हवा. त्याला बाहेरच्या बाजूने तशीच कड हवी, जिच्यावर चाक बसतं. चाक मध्यावर बसवायचं काम त्या कडेचं आहे, बोल्टांचं नाही. कड नसेल तर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

बोल्टांबाबत चालढकल नको. तुमचे बोल्ट एम१२×१.५, ६० अंशांच्या शंकूचे. स्पेसर जितका जाड तितकाच नवा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा लांब, ना कमी ना जास्त. निदान व्यासाइतके आटे हबमध्ये गेले पाहिजेत, म्हणजे १२ मिमी, दीड मिमीच्या पिचला पूर्ण ८ फेरे. हाताने घालून मोजा. मूळ बोल्टांवरच स्पेसर ढकलून देणारा माणूस तुम्हाला हायवेवर चाक सुटलेलं दाखवेल. उलट बोल्ट फाजील लांब असेल तर मागे हबच्या आत पार्किंग ब्रेकच्या भागांना लागू शकतो. बोल्ट घट्ट झाल्यावर चाक हाताने फिरवून ऐका. फोक्सवॅगन-स्कोडाचे बोल्ट घेऊ नका, त्यांचं डोकं गोल बसकणीचं असतं आणि आटे १४ चे. टॉर्क १२० न्यूटन मीटर, पाना मोजणारा हवा, हवेची गन नको. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आपल्या खाडीच्या हवेत ॲल्युमिनियमचा स्पेसर लोखंडी हबला चिकटतो, म्हणून आधी हब तारेच्या ब्रशने घासा, कडेवर ग्रीसचा बारीक हात फिरवा. आट्यांना ग्रीस लावू नका.

आरटीओबद्दल : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात नाक्यावर आधी आवाज करणारा एक्झॉस्ट पकडतात, स्प्रिंग कुणी वाकून बघत नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर वाकून बघतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. चाक फेंडरच्या बाहेर आलं तर मात्र कुणालाही लांबूनच दिसतं.

पोटाखालचं माप, रॅम्पचा उतार आणि दोन्ही चाकांचे ईटी आकडे इथे खाली लिहा. डँपर कोणते ते कळलं तर तेही. मग मागे १२ की १५ ते नक्की सांगतो.