सासऱ्यांसाठी कोणी रडलंच नाही

पत्र थोडक्यात सांगते. मुलगी नाशिकची, लग्नाला सात वर्षं झाली, नवरा आर्मेनियन, राहतात कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला. सासरे फेब्रुवारीत गेले. घरात कोणी रडलं नाही, नवरा रात्री जेवण झालं की गॅरेजमध्ये जाऊन बसतो. मध्यंतरी जुन्या अल्बममध्ये सासूबाईंच्या आजीचा फोटो निघाला, हनुवटीवर निळं गोंदण. ही पटकन बोलून गेली "किती सुंदर", तर सासूबाई ताटावरून उठल्या आणि तीन आठवडे धड बोलत नाहीयेत. त्यात आता त्यांना पाच वर्षांच्या नातीला 24 एप्रिलच्या, म्हणजे आर्मेनियन नरसंहाराच्या स्मृतिदिनाच्या मोर्चाला न्यायचंय. तिचं म्हणणं, मावशी माझं काय चुकलं, आणि पोरीला यातून लांब ठेवलं तर मी वाईट सून का?

अगं, आधी गोंदणाचं बोलू, कारण तेच तुला झोपू देत नाहीये हे तुझ्या पत्रातच दिसतंय. तू ते आपल्याकडच्या डोळ्यांनी बघितलंस. माझ्या आजीच्या मनगटावर तुळस गोंदलेली होती, ती म्हणायची बाई गेली की दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. आपल्याला ते सौभाग्याचं वाटतं. पण 1915 मध्ये ऑटोमन, म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या, सरकारने आर्मेनियन लोकांना घरांतून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरकडे पायी हाकललं ना, तेव्हा वाटेत कितीतरी मुली आणि बायका तिथल्या कबिल्यांच्या घरांत गेल्या, कोणाला पळवलं, कोणाला विकलं, कोणाला खरंच दया येऊन ठेवून घेतलं, आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या हनुवटीवर, कपाळावर, हातांवर निळं गोंदलं गेलं. पुढे यातल्या काही सुटून आपल्या माणसांत आल्या. अलेप्पोला कारेन येप्पे नावाच्या डॅनिश बाईंनी अशांसाठी आसरा चालवला होता, आलेल्या प्रत्येकीची नोंद आणि फोटो ठेवायचे तिथे. पण गोंदण जात नाही गं. ती बाई बाजारात गेली तरी तो निळा रंग सगळ्यांना सांगायचा ही कुठे राहून आलीय. काहींनी तो जाळून काढायचा प्रयत्न केला. घरातल्या पोरांनी त्याबद्दल विचारायचं नाही हे न सांगता ठरलेलं असायचं.

तू लिहिलंयस की सासूबाई बैरूतच्या बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीत याच आजीजवळ वाढल्या. म्हणजे तो चेहरा त्यांनी रोज बघितला आणि बहुतेक कधीच विचारलं नाही. आणि तू ताटावर बसून बोलून गेलीस. तुझी चूक नाही, पण त्यांना लागलं, दोन्ही खरं आहे. जाऊन एवढंच म्हण की मला माहीत नव्हतं, मी दुखावलं तुम्हाला. आमच्याकडे गोंदण शुभ असतं वगैरे आत्ता अजिबात सांगू नकोस, ते माफीतून निसटल्यासारखं वाटेल. नंतर कधीतरी त्यांनीच विचारलं तर सांग.

आता तू ज्याच्यावर एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस ते. चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "तो आपल्या बिछान्यात गेला, देवाची कृपा." मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. ज्या घरात पणजोबांना कबरच मिळाली नाही त्या घरात 78 व्या वर्षी बिछान्यात जाणं हे नशीबच मानतात, मग नशीबवान माणसासाठी रडायचं कसं? तुमच्या घरात सासऱ्यांच्या जाण्याला जागाच उरलेली नाहीये. 1915 समोर प्रत्येक दुःख छोटं पडतं. शिवाय तुर्की सरकार आजही त्याला नरसंहार म्हणायला तयार नाही, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तो शब्द अधिकृतपणे मान्य करायला 2021 चा 24 एप्रिल उजाडला, म्हणजे या लोकांना रडायच्या आधी हे घडलं हेच सिद्ध करत बसावं लागलं, पिढ्यान् पिढ्या. म्हणून सासूबाईंना नात हवीय मोर्चात. त्यांच्या लेखी ती साक्षीदार आहे. आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर काराबाखमधून लाखभर आर्मेनियन काही दिवसांत गाड्या भरून निघाले तेव्हा सासरे रात्ररात्र टीव्हीसमोर बसून होते म्हणतेस, तर त्यांच्यासाठीही ते जुनं कधी झालंच नव्हतं.

तरी पाच वर्षांच्या पोरीला साक्षीदार करू नका, हे मी ठाम सांगते. मोर्चात फलकांवर कसले फोटो असतात ते तुला माहितीये. पण लांबही ठेवू नकोस, घरातली कुजबुज मुलांना कळतेच आणि मग ती मनाने त्याहून भयंकर काहीतरी रचतात. त्या दिवशी तिला आजीबरोबर मॉन्टेबेलोच्या नरसंहार स्मारकाला घेऊन जा, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. फूल ठेवू दे. विचारलं तर सांग, आजीच्या आजीला लहानपणी घर सोडून खूप चालावं लागलं, तिची माणसं वाटेत गेली, ती जगली म्हणून तू आहेस. आज एवढं पुरे. ती मोठी होईल तसं बाकीचं तिच्या बाबाला सांगू दे, ते त्याचं आहे.

नवऱ्याचं मात्र लांबवू नकोस. सासरे बैरूतला जोडे बनवायचे, लाकडी साचे अजून गॅरेजमध्ये आहेत आणि हा तिथेच जाऊन बसतो, यातच सगळं आलं गं. तू त्याला "बोल ना काहीतरी" म्हणू नकोस. कॉफीचे दोन कप घेऊन जा आणि एक साचा हातात घेऊन विचार, हा कोणाच्या पायाचा? बाबा एक जोडा किती दिवसांत करायचे? फक्त बाबांबद्दल, 1915 नाही. त्याला रडू आलं तर येऊ दे, सासूबाई आल्या तर त्यांनाही बसायला जागा कर. अजून दोन महिने झोप आणि काम असंच बिघडलेलं राहिलं तर आर्मेनियन बोलणारा कौन्सेलर शोधा, काही गोष्टी माणसाला आईच्या भाषेतच सांगता येतात, हे तुला मी काय सांगायचं, तू मला मराठीत लिहिलंसच की.

आणि त्या गॅरेजची साफसफाई या वर्षी राहू दे. साचे आहेत तिथेच असू देत.