ऑलिव्हचा वाडगा तडकला

प्रश्न : दादा, बेथलेहेमच्या यात्रेहून येताना मी ऑलिव्हच्या लाकडाचा वाडगा आणि डाव आणला. परवा वाडगा रात्रभर सिंकमध्ये भिजत राहिला, सकाळी मी तो गच्चीत उन्हात ठेवला. दुपारी पाहते तर काठाला दोन बोटं लांब भेग! बुजवता येईल का? खोबरेल लावू का? आणि हे लाकूड आपल्याकडे मिळतं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, वाडगा टाकू नका, पण भेग आज बुजवूही नका. कागदात गुंडाळून महिनाभर कपाटात ठेवा. हे लाकूड पाण्याने बरंच फुगतं आणि सुकताना तितकंच आकसतं. उन्हात काठ आधी सुकला, बूड ओलंच राहिलं, म्हणून तडकलं. ओल सगळीकडे सारखी झाली की बारीक भेग पुष्कळदा मिटत येते.

उरलीच, तर लक्षात ठेवा की लाकूड तेलकट आहे, नुसता गोंद नीट धरत नाही. कडा ॲसिटोनने पुसा. बुडाला पॉलिश पेपर घासून थोडा भुसा काढा, तो इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदात, कालवून भरा. मग त्यात फळं ठेवा, पातळ काही नको. खोबरेल, शेंगदाणा तेल नको, कालांतराने खवट वास येतो. औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन फडक्याने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून काढा.

मी सावंतवाडीत 24 वर्षं लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करतो. भाच्याने इटलीहून ऑलिव्हचा नारळाएवढा ठोकळा आणला होता. हातात घेतला आणि वजनानेच चकित झालो. सागवान घनमीटरला 650 किलोच्या आसपास भरतं, हे 900 च्या वर. रेषे एकमेकांत गुंतलेले, धार जराशी बोथट झाली की पापुद्रे उचकटतात. एका वाटीसाठी पटाशी किती वेळा दगडावर नेली, मोजलं नाही. पण काततानाचा तो गोडसर, फळासारखा वास! पिवळट अंगावर काळ्या-तपकिरी रेघा, पाण्यात शाई पसरावी तशा. शेवटचा बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि काही न लावताच वाटी चमकली. इतकं सुंदर घोटलं जाणारं लाकूड मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आपल्याकडे ते बाजारात मिळत नाही. राजस्थानात 2008 च्या सुमारास लागवड झाली, पण ती फळांसाठी, आणि झाडं अजून कोवळी. बेथलेहेमचे कारागीरही मुख्यतः छाटणीच्या फांद्यांवर काम करतात; फळ देणारं झाड लाकडासाठी कोण तोडेल? म्हणून तिथे जपमाळा, क्रूस, छोट्या मूर्ती जास्त. तुमचा वाडगा एकसंध असेल तर तो जाड खोडातून निघालाय, जपा त्याला. आपल्या सह्याद्रीतला पारजांब हा ऑलिव्हच्याच कुळातला, पण तो जंगलातच राहू द्या.

डाव मात्र रोज वापरा. वापरून झाला की लगेच धुवा, पुसा आणि सावलीत उभा ठेवा.