दोन महानद्यांच्या संगमावरचे ओसरत गेलेले शहर

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत इलिनॉय राज्यात शिकतो. सुट्टीत तो राज्याच्या दक्षिण टोकाचे कैरो हे शहर पाहून आला आणि ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या संगमावरून दक्षिणेकडे पाहत काढलेला फोटो त्याने पाठवला. त्यात पाणी दोन रंगांचे दिसते. तेथे दोन हजारही वस्ती नाही, असे तो म्हणतो. अशा मोक्याच्या जागी महानगर का उभे राहिले नाही? आणि एवढ्याशा वस्तीला 'सिटी' कसे म्हणतात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भाच्याने सांगितले ते खरे आहे. २०२० च्या जनगणनेत या शहरात १,७३३ माणसे मोजली गेली. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९२० मध्ये, ती १५,२०३ होती. नाव इजिप्तच्या राजधानीचे असले तरी तेथील लोक त्याचा उच्चार 'केरो' असा करतात. (मडगावाला मार्गांव म्हणणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा यावर वाद नको.)

जागा मोक्याची आहे, यात शंकाच नाही. पश्चिमेला मिसिसिपी आणि तिच्यापलीकडे मिसुरी राज्य, पूर्वेला ओहायो आणि तिच्यापलीकडे केंटकी, अशा दोन पात्रांमध्ये निमुळत्या होत गेलेल्या जमिनीवर हे शहर वसलेले असून राज्यातील सर्वांत सखल भाग तोच आहे. शहराला सर्व बाजूंनी बांध आणि पूरभिंतींचे कडे आहे. गोव्यातील खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. फरक इतकाच की मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातील पाणमोरीची, दारे भरती-ओहोटीबरोबर उघडतात आणि मिटतात, तर केरोच्या उत्तरेला रेल्वेपुलाखालून आत येणाऱ्या रस्त्यावरचा प्रचंड पोलादी दरवाजा एरवी वर उचललेला असतो आणि महापूर आला तरच खाली सोडतात. तो खाली आला की शहर एखाद्या द्रोणासारखे कोरडे राहते.

अर्थात बांध उंच असला म्हणजे काम भागले असे नाही. २०११ च्या पुरात नदीची पातळी ६१ फुटांच्याही वर गेली, तेव्हा पाणी बांधाच्या माथ्यावरून आले नाही, तर बांधाखालच्या वाळूतून दाबाने वाट काढत आतल्या बाजूला उकळी फुटावी तसे वर येऊ लागले. त्या पाण्याबरोबर वाळू वाहून जाऊ लागली की बांध खालून पोखरला जातो. म्हणून अशा झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आत पाणी तुंबू देतात, म्हणजे त्याच्याच वजनाने खालचा दाब रोखला जातो. लोकांना शहर सोडण्याचा हुकूम झाला, आणि २ मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी मिसुरीच्या बाजूचा बर्ड्स पॉइंट येथील बांध सुरुंगाने उडवून सुमारे १,३०,००० एकर शेतजमिनीत पाणी सोडले. शहर वाचले. त्याआधी १९३७ मध्ये ओहायोकाठची कितीतरी शहरे बुडाली, तेव्हाही ते तगले होते.

म्हणूनच, पुरामुळे केरो ओस पडले, हे जे सर्रास सांगितले जाते ते मला पटत नाही. जुने गोवे रोगराईने रिकामे केले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला. केरोचे कारण वेगळे आहे. हे शहर जगत होते ते माल आणि माणसे येथे थांबून नदी ओलांडत असत म्हणून. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला आणि डबे तरीवर चढवून पलीकडे नेण्याचे काम संपले. पुढे मोटारींसाठी पूल झाले, आणि शेवटी इंटरस्टेट ५७ हा महामार्ग शहराला वळसा घालून गेला. थांबण्याचे कारणच उरले नाही.

तरीही पूल आणि रस्ते इतर नदीकाठच्या शहरांच्याही वाट्याला आले. केरोला खोल जखम झाली ती वर्णद्वेषाची. १९६७ मध्ये एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडल्यावर दंगल उसळली आणि नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल बोलवावे लागले. त्यानंतर कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर दीर्घ बहिष्कार टाकला. तेव्हा त्यांना नोकरीवर घेण्यापेक्षा दुकान बंद केलेले बरे, असे ठरवणारे दुकानदार निघाले. बाजारपेठ गेली, तिच्यामागून रोजगार गेले. २०१७ मध्ये मोडकळीस आलेल्या दोन सरकारी वसाहती रिकाम्या करण्याचा निर्णय झाला आणि सुमारे ४०० रहिवाशांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला. गावात भाड्याने मिळण्याजोगी घरे फारशी नव्हती, त्यामुळे अनेकांना गावच सोडावे लागले. २०१० मधील २,८३१ वरून आकडा एवढा कसा घसरला, हे यावरून लक्षात येईल.

'सिटी' या शब्दाचे म्हणाल, तर अमेरिकेत तो केवळ आजच्या लोकसंख्येवरून ठरत नाही. राज्याच्या कायद्याप्रमाणे नगर म्हणून एकदा नोंद झाली, महापौर आणि परिषद आली, की माणसे कमी झाली म्हणून तो दर्जा आपोआप जात नाही. आपल्याकडे याच्या उलटही दिसते : ताळगाव जनगणनेच्या दृष्टीने शहरी आहे, पण कारभार पंचायतीचाच.

राहिला फोटो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडचे गढूळ, तपकिरी पाणी मिसिसिपीचे; तिच्यात वर मिसळलेली मिसुरी नदी बराच गाळ आणते. डावीकडचे हिरवट पाणी ओहायोचे, आणि सरासरीने पाहता या ठिकाणी जास्त पाणी तीच आणते, तरी पुढे नाव मिसिसिपीचेच चालते.