गेट चार, गेटच आणि गेटचे

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेचा प्रश्न आला आहे: "मुलगा घरूनच काम करतो. दिवसभर फोनवर 'गेट चार', 'मॅलॉक', 'अटोई' असं काहीबाही सुरू असतं. परवा पुण्याच्या सहकाऱ्याशी त्याची चांगलीच जुंपली. हा म्हणे 'चार', तो म्हणे 'कॅर'. मी आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारले. यातला शुद्ध उच्चार कोणता, आणि तो ठरवतं कोण?"

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लगेच संपतं: कोणीच नाही. तुमच्या मुलाच्या तोंडचे हे शब्द म्हणजे सी या कॉम्प्युटरच्या भाषेतली नावं. ती भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडवली. १९८९ साली तिचं अधिकृत मानक आलं. कुठलं फंक्शन (म्हणजे एक नेमून दिलेलं काम करणारा कोडचा तुकडा) काय घेतं, काय परत देतं, हे त्यात काटेकोर लिहून ठेवलं आहे. पण ते तोंडाने कसं म्हणायचं, यावर अवाक्षर नाही. ही नावं टाइप करण्यासाठी जन्मली. बोलायची वेळ नंतर आली, ती शिकवणाऱ्यांवर आणि फोनवर भांडणाऱ्यांवर.

पण एक सांगू? प्रश्न विचारतानाच तुम्ही अर्धा निकाल देऊन बसला आहात. तुमच्या त्या 'चार'साठी रोमन लिपीत सी-एच-ए-आर एवढं खरडून माणूस उच्चाराबद्दल जन्मभर मौन पाळू शकतो. देवनागरीत ती सोय नाही. लिहायचं म्हटलं की आधी मनात म्हणावं लागतं, आणि म्हटलं की बाजू घेतली गेलीच. हे उत्तर लिहिताना माझीही तीच पंचाईत होणार आहे.

मी हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते नव्वदच्या दशकात, बर्डीवरच्या एका क्लासमध्ये. सरांनी पहिली ओळ सांगितली, "हॅश इन्क्लूड स्टुडिओ डॉट एच." अर्ध्या वर्गाने इमानेइतबारे फोटो स्टुडिओचं स्पेलिंग लिहिलं आणि कॉम्प्युटरने अशी फाइलच सापडत नाही म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. खरं नाव एस-टी-डी-आय-ओ, म्हणजे स्टँडर्ड इनपुट-आउटपुट. मधे यू नाहीच. माझ्या शेजारचा मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून 'एसटीडी-आयओ' म्हणायचा. क्लासच्या खालीच एसटीडी-आयएसडी-पीसीओचं पिवळं बूथ होतं, त्याची जीभ तिथूनच वळलेली. त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. उच्चाराने पोट भरतं ते असं.

त्याच क्लासात तुमच्या मुलाचं 'गेट चार' भेटलं. एक अक्षर वाचून आणणारं ते फंक्शन. त्याची दोन भावंडं आम्ही वापरत असलेल्या टर्बो सी मध्ये, म्हणजे सीचे प्रोग्रॅम चालवायच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. एकाच्या शेवटी नुसतं सीएच, दुसऱ्याच्या शेवटी सीएच आणि वर ई. पहिलं दाबलेली कळ पडद्यावर दाखवत नाही, दुसरं दाखवतं. तो ई एकोचा, म्हणजे प्रतिध्वनीचा. आता हे मराठी जिभेने सरळ वाचा: गेटच आणि गेटचे. एकाला आपला जोर देणारा 'च' लागलेला, दुसऱ्याला षष्ठी. आणि गेट चार म्हणजे जणू जामठ्याच्या स्टेडियमवर भेटायची जागा. "गेट चार लाव नाही तर गेटच लाव, पण गेटचे नको लावू," हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, आणि समोरच्याला ते कळलेलंही आहे.

या नावांतले स्वर कुठे गेले, हे एकदा पाहू. फोरट्रान ही १९५७ ची कॉम्प्युटरची भाषा आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी तयार झाली. त्या यंत्राचा एक शब्द, म्हणजे मेमरीतला एक कप्पा, ३६ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), एक अक्षर ६ बिटांचं. म्हणजे एका शब्दात बरोबर सहा अक्षरं मावत, आणि फोरट्रानमधलं नावही सहा अक्षरांहून मोठं चालत नसे. सहाचा हा आकडा पुढे चिकटूनच राहिला. सीच्या १९८९ च्या मानकातसुद्धा, एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला हाक मारायची नावं असतील तर त्यांची पहिली सहाच अक्षरं ओळखली जातील, एवढीच हमी होती. शिवाय सुरुवातीच्या काळात समोर पडदा नसे, टेलिटाइप असे, सेकंदाला दहा अक्षरं खटखट कागदावर उमटवणारा. लांब नाव म्हणजे तेवढी जास्त वाट पाहणं.

आता एक मजा पाहा. सीमध्ये अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. माळेची नक्कल करणारं फंक्शन एस-टी-आर-सी-पी-वाय. फक्त ठरावीक अक्षरांचीच नक्कल हवी असेल तर मधे एन घालायचा: एस-टी-आर-एन-सी-पी-वाय. दोन माळा तशाच ठरावीक अक्षरांपुरत्या ताडून पाहायच्या असतील तर एस-टी-आर-एन-सी-एम-पी. पहिली सहा अक्षरं मोजा: एकात सहावं पी येतं, दुसऱ्यात एम. बचावले. कॉपी आणि कम्पेअर यांतला ओ ठेवला असता तर दोन्हींची पहिली सहा अक्षरं हुबेहूब सारखी झाली असती आणि यंत्राला दोन्ही एकच वाटली असती. स्वर टाकायची चटक लागली की कधी कधी उगाचही टाकला जातो. युनिक्स या कॉम्प्युटर-प्रणालीत फाइल तयार करणाऱ्या आज्ञेतून 'क्रिएट'चा शेवटचा ई असाच गायब आहे. युनिक्स पुन्हा नव्याने लिहायचं झालं तर काय बदलाल, असं ते घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, त्या नावात ई घालीन.

आपली लघुरूपं अशी आवळता येत नाहीत, कारण आपण वर्ण उचलत नाही, अक्षर उचलतो, आणि अक्षरात स्वर बसलेलाच असतो. महानगरपालिकेची मनपा होते, नागपूर सुधार प्रन्यासचं नासुप्र होतं, आणि दोन्ही पहिल्याच दमात म्हणता येतात. (लोक बोलताना नासुप्रला इंग्रजी नावावरून एनआयटीच म्हणतात, पण वर्तमानपत्र नासुप्रवर ठाम आहे.) इंग्रजी आद्याक्षरांचं तसं नाही, तिथे नशीब लागतं. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांत दोन ई आहेत म्हणून ती नीरी झाली. मिहान या विमानतळ-कार्गो प्रकल्पाच्या नावात आय आणि ए नेमक्या जागी पडले, कार्गोचा सी सोयीने गळाला, आणि त्या लांबलचक इंग्रजी नावाचा बघता बघता खापरी-जामठ्याकडचा एक गावच झाला. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या नशिबी स्वर आला तो एकच आणि तोही चुकीच्या जागी, म्हणून ती अजून अक्षर-अक्षर म्हणावी लागते. थोडक्यात, शब्द म्हणून वाचा, जमत नसेल तर अक्षरं मोजा, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही.

कोडमधल्या नावांना मात्र हे दोन मार्ग पुरत नाहीत. तुम्ही मराठी शिकवलं आहे, म्हणून तुमच्याच शब्दात सांगतो: तिथे पदच्छेद करावा लागतो. मगाचं ते एन घातलेलं, नक्कल करणारं नाव घ्या. सात अक्षरं सुटी म्हटली तर ऐकणारा चौथ्यावरच हरवतो. 'स्ट्रन्सपाय' म्हटलं तर तो तुमच्याकडे बघत राहतो. आणि नुसतं 'स्ट्रिंग कॉपी' म्हटलं तर एन न घातलेलं, वेगळंच फंक्शन तो लिहून मोकळा होतो. तिथून पुढे "प्रोग्रॅम क्रॅश होऊन राहिला बे" हे वाक्य फार दूर नसतं. 'स्टर-एन-कॉपी' म्हटलं की सांधे ऐकू येतात. अर्थ ज्या एका अक्षरावर लटकला आहे ते सुटं म्हणायचं, बाकीच्यांना त्यांचे स्वर परत द्यायचे.

छापून देणाऱ्या फंक्शनचं कुटुंब या दृष्टीने फार गुणी आहे. मूळ नाव प्रिंट-एफ. शेवटचा एफ फॉरमॅटेडचा, म्हणजे साच्यात बसवून छापा. फाइलमध्ये छापायचं तर पुढे आणखी एक एफ: एफ-प्रिंट-एफ. माळेत छापायचं तर एस-प्रिंट-एफ. किती अक्षरांपर्यंत, हे बजावायचं तर एस-एन-प्रिंट-एफ. आता याला कोणी 'प्रिंटफ' म्हणू लागला तर शेवटचा एफ 'उफ्' सारखा हवेत विरतो आणि दोन टोकांचे दोन एफ वेगवेगळ्या कामाचे आहेत हे ऐकणाऱ्याला कळायला वाव राहत नाही. इथे माझं मत पक्कं आहे: प्रिंट-एफ.

तुमच्या मुलाच्या 'अटोई'वरही हाच न्याय. ते नाव ए-टी-ओ-आय. पदच्छेद केला की ए, टू, आय. आस्की अक्षरांकडून (आस्की म्हणजे कॉम्प्युटरातली अक्षरांची सांकेतिक यादी) इंटिजर म्हणजे पूर्णांकाकडे. ए-टू-आय म्हटलं की नावातच काम सांगून होतं. अटोई म्हटलं तर ते एखाद्या गावाचं नाव वाटतं, हिंगणघाटच्या पलीकडचं. मॅलॉक मात्र राहू द्या. मेमरी अलोकेशन, म्हणजे मेमरीत जागा देणं, या जोडीतला नुसता एम आणि पुढे अलॉक, म्हणून 'एम-अलॉक' हे व्याकरणाने जास्त नेटकं, पण मॅलॉक जिभेवर बसला आहे आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

आता भांडणाचं मूळ: चार की कॅर. इथे पदच्छेद कामाला येत नाही, कारण हे एकाच शब्दाचं तोडलेलं मुंडकं आहे. कॅर म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की मूळ शब्द कॅरेक्टर, मग च आला कुठून? तर्क चोख आहे. पण तोडल्यावर उरलेला तुकडा मूळ उच्चार सांभाळतोच असं नाही. तो स्वतःच्या स्पेलिंगप्रमाणे वाचला जातो. सीवरूनच निघालेली सी++ ही भाषा घडवणारे बियार्ने स्ट्राउस्ट्रूप यांनीही सांगून ठेवलं आहे की बहुतेकदा च-नेच म्हणतात. आणि इंग्रजी स्पेलिंग-उच्चार तर्कशुद्ध असल्याचा आरोप आजवर कोणी केलेला नाही, अशी पुस्ती जोडली आहे. माझं झुकतं माप चारकडे. पण मराठीत चारची एक अडचण आहे जी ना स्ट्राउस्ट्रूपना ठाऊक ना पुण्याच्या सहकाऱ्याला सुचलेली. सीमध्ये चार म्हणजे एक अक्षर ठेवायची जागा, इंट म्हणजे पूर्णांक ठेवायची, आणि ही जागा बाइटमध्ये मोजतात. चार नेहमी एक बाइटचा असतो. आणि हल्लीच्या यंत्रांवर इंट बहुधा चार बाइटचा. वर्गात "चार एक बाइटचा आणि इंट चार बाइटचा" असं सांगून पाहा, पाठीमागच्या बाकावरून "सर, नक्की किती?" असं येतंच. (टर्बो सीच्या काळात इंट दोनच बाइटचा होता, म्हणून आम्ही वाचलो.) केवळ या एका कारणासाठी कोणी मराठीत शिकवताना कॅर म्हणत असेल तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

स्वर गाळलेलं नाव भलतंच वाचलं गेलं तर काय होतं, याचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र सीच्या फार आधीचं आहे, आणि ते आपल्या घरातलं आहे. कोन दिला की त्याची साइन काढून देणारं फंक्शन एस-आय-एन असं लिहितात आणि 'सिन' असं कोणीही वाचत नाही, सगळे साइनच म्हणतात. हा साइन आला कुठून? आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास वर्तुळातल्या अर्ध्या जीवेचं कोष्टक दिलं, तिला ते ज्या म्हणत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच दुसरा शब्द जीवा. अरबी गणितज्ञांनी जीवा उचलला, त्याचा 'जीबा' झाला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि कागदावर उरली ती ज आणि ब एवढीच व्यंजनं. जीबा या शब्दाला अरबीत काहीच अर्थ नव्हता, म्हणून पुढच्या वाचकांनी त्याच सांगाड्यात आपल्या ओळखीचे स्वर भरले आणि 'जैब' वाचलं: कपड्याची चुणी, खिसा. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झालं तेव्हा त्या चुणीसाठी तिथला 'सायनस' आला. त्याचाच साइन. इतवारीत दुकानदार "जेब में रखो" म्हणतो तो जेब याच अरबी शब्दाचा. धनुष्याची दोरी खिशात गेली ती दोन व्यंजनांमुळे. स्टुडिओ डॉट एचने त्या मानाने काहीच केलं नाही.

जाता जाता विभक्तीचं, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी मनात येणारच. ही नावं मराठीत प्रत्यय घेतात, पण सामान्यरूप घेत नाहीत. मॅलॉकने जागा दिली, प्रिंट-एफला दोन गोष्टी पाठव, स्टरलेनचं (माळेची लांबी सांगणाऱ्या फंक्शनचं) उत्तर चुकलं. टेबलावर, पेनाने असं जुन्या पाहुण्यांचं झालं तसं यांचं अजून झालेलं नाही. 'मॅलॉकाने' मी कुठे ऐकलं नाही. लिंगही ठरलेलं नाही. फंक्शन नपुंसक म्हणून "ते मॅलॉक" म्हणणारे आहेत, पण बोलण्यात "इथे एक मॅलॉक मारला होता, तो कोणी काढला?" हेच जास्त. क्रियापद बहुधा मारणे. प्रिंट-एफ मारतात, एन्टर मारतात. चारला सामान्यरूप लागेल त्या दिवसाची मी वाट पाहतो आहे. 'चाराचा ॲरे' (म्हणजे अक्षरांची रांग) म्हटलं की गुरांपुढे टाकायचा वाटतो, आणि मग पुण्याचा सहकारी जिंकेल.