वाचक विचारतात : ड्राय आइस, चुन्याचं पाणी आणि विहिरीतला कंदील

लग्नसराईच्या तोंडावर ड्राय आइसबद्दल बरीच पत्रं आली आहेत. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. त्याच वायूशी नातं सांगणारा विहिरीचा प्रश्नही त्यांच्यासोबत घेतला आहे.

प्रश्न : मालवणहून पुण्याला दहा किलो सुरमई स्वतःच्या गाडीने न्यायची आहे. ड्राय आइस किती घ्यावा आणि खोका कसा भरावा?
– एक वाचक, मालवण

मासळी ताजी असेल तर ड्राय आइस घेऊच नका. एवढ्या प्रवासाला साधा बर्फ पुरतो आणि मासळीला तोच मानवतो. ताजी मासळी शून्य अंशाच्या आसपास राहायला हवी. ड्राय आइसचं तापमान उणे ७८.५ अंश. त्याला टेकलेलं मांस गोठतं, आणि घरी पोचून वितळलं की पाणी सुटून तुकडी भुसभुशीत होते. मासळीच्या वजनाइतका बर्फ बारीक फोडून घ्या. तळाला बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ असे थर द्या आणि वितळलेलं पाणी निथळायला खाली जागा ठेवा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. ड्राय आइसचा वायू होताना हा आकडा ५७०च्या आसपास असतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या आतच. ड्राय आइसचं खरं काम गोठलेली वस्तू गोठलेलीच ठेवणं हे आहे.

मासे आधीच डीप फ्रीझरमध्ये कडक गोठवलेले असतील, तर मात्र तो उपयोगी. दहा किलो माशांना चार ते पाच किलो घ्या. दोन इंच जाडीचा थर्माकोलचा खोका, तळाला मासे, वर वर्तमानपत्राच्या दोन-तीन पदरांत गुंडाळलेला ड्राय आइस. थंड वायू जड असल्यामुळे खाली उतरतो, म्हणून ड्राय आइस वर ठेवायचा. रिकाम्या फटींत कागदाचे बोळे कोंबा. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावू नका. दोन बाजू मोकळ्या हव्यात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५५० लिटर वायू होतो. थर्माकोलच्या साध्या खोक्यातून दिवसाला दोन ते चार किलो उडून जातो. तीन किलो धरला, तर ताशी सव्वाशे ग्रॅम, म्हणजे जवळपास ७० लिटर. छोट्या गाडीत हवा मावते तीन हजार लिटरच्या घरात. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय, बाहेरची हवा मुळीच येत नाही असं धरलं, तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड दोन टक्क्यांच्या वर जातो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. तीन टक्क्यांच्या सुमारास श्वास भरभर चालू लागतो, पाच टक्क्यांना डोकं दुखतं आणि धाप लागते, दहा टक्क्यांच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते. गाडी चालवणाऱ्याला इतकं होण्याची गरजच नाही. नुसती गुंगी आली तरी घाटात पुरे.

म्हणून खोका पिकअपच्या हौद्यात गेला तर उत्तम. हॅचबॅकची डिकी आणि बसायची जागा यांची हवा एकच असते, त्यामुळे डिकीत ठेवून सुटका होत नाही. एसी बाहेरची हवा घेईल असा लावा आणि मागच्या काचा दोन बोटं खाली ठेवा. चहाला थांबून परत आलात की आधी सगळी दारं उघडून काही मिनिटं थांबा, मग बसा. थांबलेल्या गाडीत लहान मूल झोपलंय म्हणून त्याला तिथेच ठेवून जाऊ नका.

प्रश्न : मुलीच्या लग्नात वधूवरांच्या प्रवेशाला जमिनीलगत धूर सोडणार आहेत. लहान मुलं त्यात खेळायला धावतात. ते सुरक्षित आहे का?
– एक वाचक, नाशिक

सभागृह मोठं असेल तर उभ्या माणसांना सहसा त्रास होत नाही. लहान मुलांना होऊ शकतो, आणि याचं कारण धूर जिथे साठतो त्या जागेत आहे.

दिसतो तो पांढरा ढग कार्बन डायऑक्साइडचा नसतो. तो वायू रंगहीन आहे. ड्राय आइस गरम पाण्यात पडला की थंड वायूमुळे वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात, आपल्याला दिसतं ते धुकं. धुकं विरलं म्हणजे वायू गेला, असं मात्र नाही. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत राहतो. यंत्रात साधारण ७० ते ८० अंशांचं पाणी असतं. तीस लिटर पाण्यात पाच किलो ड्राय आइस सोडला की पाणी वीस-बावीस अंशांनी थंड होतं आणि धुकं मंदावतं. मग चालवणारे पुन्हा पाणी तापवून आणखी ड्राय आइस टाकतात. तिथेच प्रमाण वाढत जातं.

हिशेब करून पाहा. पाच किलोपासून पावणेतीन घनमीटर वायू. ६० फूट लांब, ४० फूट रुंद, १४ फूट उंच सभागृहात तो सगळीकडे सारखा मिसळला तर ०.३ टक्के, म्हणजे काळजी नाही. तोच वायू वीस बाय तीस फुटांच्या रंगमंचावर फूटभर उंचीच्या थरात साठला तर सोळा टक्के. प्रत्यक्षात तो कडांवरून खाली वाहतो आणि थोडा मिसळतो, पण खाली बसलेल्या, रांगणाऱ्या किंवा धुक्यात लपायला आडव्या झालेल्या मुलाचं नाक त्याच थरात असतं. म्हणून धुकं असताना आणि त्यानंतरची दहा मिनिटं तरी मुलांना तिथे सोडू नका. दारं उघडी ठेवा, पंखे धुकं विरल्यावर लावा. तळघरातला हॉल किंवा खोलगट डान्स फ्लोर असेल तर हा प्रकार सरळ टाळा. २०२० साली मॉस्कोत एका बंदिस्त पोहण्याच्या तलावात धुक्यासाठी ड्राय आइस ओतला, आणि तीन माणसं दगावली.

उरलेल्या तुकड्यांवर शेवटपर्यंत कोणाची तरी नजर हवी. मार्च २०२४मध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास समजून दिलेला ड्राय आइस पाच जणांनी तोंडात टाकला आणि त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. सरबताच्या पेल्यातही तुकडा नको. तो तळाला बसतो आणि शेवटच्या घोटासोबत पोटात जाऊ शकतो. कोणी गिळलाच तर उलटी करायला लावू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : आठवीच्या वर्गात ड्राय आइस वापरून कोणते प्रयोग दाखवता येतील? बाटलीचा स्फोट मुलांना फार आवडतो.
– एक शिक्षक, सांगली

बाटलीचा प्रयोग कृपया करू नका. शंभर ग्रॅम ड्राय आइसच्या वायूला ५५ लिटर जागा लागते आणि तुम्ही त्याला एक लिटर देता. बाटली केव्हा फुटेल ते पाण्याच्या आणि तुकड्याच्या मापावर ठरतं, म्हणून ते आधी सांगता येत नाही. “अजून फुटली कशी नाही” म्हणून पाहायला गेलेला माणूस डोळा गमावतो. थर्मास, बरणी, रबरी बूच लावलेली काचेची बाटली, सगळ्यांना हेच लागू. कोणी तसं बंद करून ठेवलंच असेल तर उघडायला जाऊ नका. सगळ्यांना दूर न्या आणि अग्निशमन दलाला कळवा.

चुन्याच्या पाण्याचा प्रयोग मात्र जरूर करा. पानाचा चुना एक चमचा, एक लिटर पाणी, चांगलं ढवळून झाकून रात्रभर ठेवा. लिटरमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, बाकी खाली बसतो. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. त्यात वाटाण्याएवढा ड्राय आइस टाकला की पाणी दुधाळ होतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. आणखी तुकडे टाकत राहिलात की ते पुन्हा निवळायला हवं, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. इथेच बऱ्याच शाळांत प्रयोग फसतो. संपृक्त चुन्याच्या पाण्यात कार्बोनेट इतकं तयार होतं की ते सगळं विरघळू शकत नाही. त्यासाठी आधी एक भाग चुन्याच्या पाण्यात तीन भाग पाणी मिसळा, आणि निवळायला थोडा वेळ द्या. निवळलेलं पाणी उकळलंत की ते परत गढूळ होईल. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये पांढरा थर बसतो तो याच क्रियेने.

दुसऱ्या पेल्यात चुन्याच्या पाण्यात चिमूटभर हळद घाला. पाणी लाल होईल. हळद-चुन्याचं कुंकू याच रंगाचं. आता ड्राय आइस टाका. कार्बोनिक आम्ल तयार होतं, चुन्याचा अल्कधर्म संपतो आणि लाल ओसरून पिवळं परत येतं. मुलांना हा बदल फार भावतो.

वर्गाला अर्धा किलो भरपूर झाला. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मे (चुन्यासाठीही), हातात सैलसर चामड्याचे हातमोजे आणि चिमटा. पातळ रबरी मोजे गारठून त्वचेला चिकटतात. त्वचा पोळलीच तर चोळू नका, शेकू नका. कोमट, ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं धरा आणि फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. विझला नाही तर उतरायला हरकत नाही ना?
– एक शेतकरी वाचक, माण तालुका

हरकत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण जळत राहिला म्हणून हवा चांगली, असं नव्हे. पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येही ज्योत जळत राहते आणि माणसाला धाप लागते. सडक्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला कळतच नाही, तो अगदी थोड्या प्रमाणात जीव घेतो. मिथेन असेल तर कंदिलानेच भडका उडेल. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा खेळती करा आणि उतरल्यावरही ब्लोअर चालू ठेवा. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि दोर हवा, वर ओढायला दोन माणसं हवीत. वायू मोजायचं यंत्र मिळालं तर आधी तेच सोडा. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे कोणी उडी घ्यायची नाही. त्याला दोरानेच वर काढा.

प्रश्न : उरलेला ड्राय आइस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवता येईल का? नाहीतर टाकायचा कुठे?
– एक वाचक, ठाणे

फ्रीझर उणे १८ अंशांचा असतो, त्यामुळे ड्राय आइस तिथेही उडतच राहतो. शिवाय अति थंडीने थर्मोस्टॅट बिघडू शकतो. बेसिनमध्ये टाकलात तर चिनी माती तडकते आणि पीव्हीसीचा पाइप ठिसूळ होतो. कचऱ्याच्या पिशवीत बांधूनही देऊ नका. खोका झाकण उघडून गच्चीवर, मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. एक-दोन किलो असेल तर सकाळपर्यंत बहुतेक संपलेला असेल. तुकडे पसरून ठेवलेत तर त्याहून लवकर.