वाचकांचे प्रश्न : ओल इथे, पाणी कुठून?

घरतपासणीबद्दल या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पाचही जणांना आमचे सांगणे एकच आहे: दोष दिसतो ती जागा आणि दोष असतो ती जागा बहुतेक वेळा वेगळी असते. तपासणीसाचे खरे काम ही दुसरी जागा शोधण्याचे आहे. महागडे यंत्र आणल्याने ते आपोआप होत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला कासारवडवलीत एकविसाव्या मजल्यावर टू बीएचके घेतला आहे. पुढच्या महिन्यात ताबा मिळेल. थर्मल कॅमेऱ्याने घर तपासून देतो असे एक कंपनी सांगते. नव्या कोऱ्या घराला याची गरज आहे का? कॅमेऱ्यात भिंतीच्या आतले खरेच दिसते का?

कॅमेऱ्याचे आधी. भिंतीच्या आतले त्याला दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते. ओल्या गिलाव्यातून पाणी उडत असते, त्यामुळे तो भाग शेजारच्या भागापेक्षा थोडा गार राहतो आणि पडद्यावर निळा उमटतो. पण एसीचा झोत लागलेली भिंत, काँक्रीटचा बीम, बाहेरून सावलीत असलेला कोपरा हेही निळेच दिसतात. आणि ऐन जुलैत हवाच दमट असताना पाणी फारसे उडत नाही, तेव्हा ओली भिंतही कोरडीसारखी दिसू शकते. म्हणून निळा डाग हा संशय समजा, पुरावा नव्हे.

पुढची पायरी मॉइश्चर मीटरची. दोन टोचण्या असलेले मीटर बहुधा लाकडासाठी बेतलेले असते. गिलाव्यावर त्याने ‘२२ टक्के’ दाखवले तर त्या टक्क्यांना अर्थ नसतो. त्याच भिंतीवरच्या खात्रीने कोरड्या जागेचा आकडा आणि डागाचा आकडा यांच्यातला फरक बघायचा. खार फुटलेल्या भिंतीत क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि आकडा फुगतो. बिनटोचणीचे मीटर गिलाव्यामागच्या सळईनेही फसते. अहवालात डागाशेजारी कोरड्या जागेचा आकडा नसेल तर तो अहवाल अर्धवट आहे, असे तपासणीसाला तोंडावर सांगा.

आता गरजेबद्दल. होय, नव्या घराला तपासणी हवीच, आणि ताब्याच्या पत्रावर सही करण्याआधी हवी. घोडबंदर पट्ट्यातले बरेच नवे टॉवर ‘मायवान’ पद्धतीचे आहेत. म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. साच्याच्या दोन बाजू घट्ट राहाव्यात म्हणून भिंतीतून आरपार पट्ट्या घालतात, आणि साचा काढल्यावर तिथे भोके उरतात. ही भोके न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) पूर्ण भरायची असतात. घाईत फक्त तोंड लिंपले जाते आणि वर पुट्टी-रंग चढतो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, ठरावीक अंतरावर, एका रांगेत रुपयाएवढे ओले ठिपके उमटतात. अशी रांग दिसली की कारण जवळपास नक्की समजा. आतून वॉटरप्रूफ रंग लावून ते मिटत नाही, वरून कामगारांचा झुला सोडून बाहेरून भोके भरावी लागतात. एकविसाव्या मजल्यावर ते काम बिल्डरनेच केले पाहिजे.

ताबा पावसाळ्याबाहेर मिळत असेल तर खिडक्यांवर पाण्याची चाचणी मागा. पाइपने खालून वर जायचे: आधी फक्त खिडकीची खालची कड दहा मिनिटे, मग बाजू, मग वरची कड, शेवटी भिंत. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि पाणी कुठून शिरले ते कळत नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला छिद्रे असतात. ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजलेली असणे ही फार नेहमीची चूक आहे, आणि टाचणीने पाच मिनिटांत तपासता येते.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. चार फुटांत साधारण अर्धा इंच उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, हवा. दहा मिनिटांनी कोपऱ्यात डबके उरले तर उतार चुकला आहे, आणि लादी उखडल्याशिवाय तो सुधारत नाही. प्रत्येक लादी नाण्याने ठोका. कडेला थोडी बद्द वाजली तर चालेल, मधोमध बद्द वाजणारी बदलून घ्या. विजेच्या बोर्डातल्या आरसीसीबीवर (वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) ३० मिलिअँपिअर लिहिलेले आहे का बघा. मात्र तिचे टेस्ट बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक, असे धरू नका. ते बटण अर्थिंग मुळीच नसतानाही काम करते. त्यासाठी प्रत्येक सॉकेटला वेगळा टेस्टर लावावा लागतो. कार्पेट क्षेत्र लेझरने मोजून घ्या: रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत.

सापडलेले सगळे फोटो आणि तारखेसह बिल्डरला ईमेलने कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तोंडी तक्रार केली तर नंतर तारीख सिद्ध करणे जड जाते.

कंपनी निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. घरतपासणीसाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही, कोणीही हा धंदा सुरू करू शकतो. अहवालावर सिव्हिल इंजिनीअरची सही असेल का, आणि हीच कंपनी वॉटरप्रूफिंगही विकते का, हे आधी विचारा. दुरुस्ती विकणाऱ्याकडून रोगनिदान घेऊ नका, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो.

प्रश्न : नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. बाथरूमच्या छताचे पापुद्रे सुटतात, थेंब पडतात. वरच्या काकू म्हणतात, आमचे बाथरूम कोरडे आहे, गळती सोसायटीच्या पाइपची. कोणाचे खरे, आणि खर्च कोणाचा?

हे भांडण चाचणीनेच सुटेल, आणि चाचणी त्यांच्याच बाथरूममध्ये करावी लागेल. तेव्हा आधी गोडीने परवानगी घ्या. सोसायटीचा एक पदाधिकारी दोन्ही घरांत हजर ठेवा.

पहिल्या दिवशी छतावरच्या ओलीची कड पेन्सिलने आखा, शेजारी तारीख लिहा. खाली मोजपात्र ठेवून एका तासात किती पाणी साचते ते मोजा. मग वरच्या बाथरूमचा स्टॉपकॉक बंद ठेवून २४ तास वापर थांबवा आणि थेंब पुन्हा मोजा. स्टॉपकॉक बंद करताच थेंब झपाट्याने कमी झाले तर संशय भिंतीतल्या दाबाच्या पाइपवर, बहुधा डायव्हर्टरच्या (नळ-शॉवरकडे पाणी वळवणाऱ्या तोटीच्या) सांध्यावर. वापर असो-नसो, थेंब सारखाच आणि शाफ्टच्या (पाइपांच्या उभ्या पोकळीच्या) बाजूने येत असेल तर सामाईक उभ्या पाइपकडे बघा.

यानंतर फरशी. नहाणी ट्रॅपचे तोंड रबरी बुचाने बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील इतके, दीड-दोन इंच, पाणी भरा. त्यात फ्लोरेसीन टाका. या रंगाचे पाणी अतिनील टॉर्चखाली हिरवे चमकते. २४ तास खाली लक्ष ठेवा. फरशीची चाचणी संपल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग ट्रॅपमध्ये थेट बादल्या ओता, आणि त्यानंतर कमोडच्या फ्लशमध्ये दुसरा रंग टाका. एका वेळी एकच चाचणी. तिन्ही एकाच दुपारी उरकणारा माणूस तुम्हाला उत्तर देऊ शकणार नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती माहीत नसल्याने बरीच भांडणे चिघळतात. जुन्या बाथरूमखाली स्लॅब खोलगट असतो आणि त्या खोलग्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. हा भराव स्पंजसारखे पाणी धरून ठेवतो. गळती बंद केल्यावरही आठवडाभर, कधी त्याहून जास्त, थेंब पडत राहतात. रंगही विटांमध्ये अडकतो. त्यामुळे रंग खाली आला तर वरची फरशी दोषी, हे नक्की. पण नाही आला म्हणून ती निर्दोष ठरत नाही. अशा वेळी पुन्हा मोजपात्र: फरशीवर पाणी भरल्यावर तासाचे माप वाढले का?

खर्चाबाबत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोख स्पष्ट आहे. सदनिकेतल्या संडास-सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची. पावसाची गळती, बाहेरचे सामाईक पाणी-सांडपाण्याचे पाइप आणि स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती संस्थेची. मात्र सिडकोच्या कितीतरी इमारतींत सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे. तुमची तशी असेल तर इमारतीच्या घोषणापत्रातली (डीड ऑफ डिक्लरेशन) तरतूद वाचा.

तोवर खालून छताला वॉटरप्रूफिंगचा लेप मात्र लावू नका. त्याने पाणी थांबत नाही, स्लॅबमध्ये कोंडते. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, आणि आज पापुद्रा पडतो तिथे उद्या काँक्रीटचा तुकडा पडेल.

प्रश्न : कळव्याला भाड्याच्या घरात आहोत. गीझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. होम इन्स्पेक्शन करून घ्यावे का?

तपासणीची वाट पाहू नका. हे वाचून होताच गीझरचा एमसीबी बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा. गीझरच्या एलिमेंटचे आवरण फुटून पाण्यात वीज उतरली असेल आणि अर्थिंग तुटलेले असेल, तर हेच लक्षण दिसते. त्याने ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंट आणि बॉडीमधले इन्सुलेशन मोजावे. ते १ मेगओहमच्या खाली असेल तर एलिमेंट बदलायचे, आणि गीझरच्या सॉकेटपर्यंत अर्थिंगची तार खरोखर पोचते का ते उघडून बघायचे. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. गीझर बंद असतानाही मुंग्या येत राहिल्या तर वीज दुसऱ्या उपकरणातून किंवा शेजारच्या घरातून लोखंडी पाइपवाटे येत असेल. तेव्हा मेन बंद करून, पाइपला कोणी हात न लावता, इमारतीच्या माणसांना कळवा.

प्रश्न : वाशीला चाळीस वर्षांच्या इमारतीत रीसेलचा फ्लॅट बघतोय. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट दाखवले, ‘सी-२बी’ लिहिले आहे आणि हॅमरचे आकडे चांगले आहेत. घ्यावा का?

सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती हवी. सी-१ अतिधोकादायक, सी-२ए रिकामी करून दुरुस्ती, सी-३ किरकोळ दुरुस्ती. म्हणजे दुरुस्ती हवीच, असे अहवालच सांगतो. झाली का, आणि कोणत्या बीम-कॉलमची, हे बिलांसह विचारा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे ३ वर्षांतून एकदा ऑडिट हवे. मागचे दोन अहवाल शेजारी ठेवून एकाच कॉलमचे आकडे ताडून बघा.

हॅमरच्या चांगल्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. रिबाउंड हॅमर फक्त वरच्या थराचा कठीणपणा सांगतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेट होऊन कडक होतो, त्यामुळे जुनी इमारत हॅमरला तरुण वाटते. गिलावा न काढता घेतलेले आकडे तर धरूच नका. अहवालात अल्ट्रासॉनिकचा, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा, वेग बघा: तो सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली असेल तर काँक्रीट शंकास्पद. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे आकडा गेला असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

आमच्या मते सगळ्यांत बोलका आकडा कार्बोनेशनचा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन शिंपडतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर २५ मिलिमीटर आणि सळईवरचे काँक्रीटचे कव्हर २० मिलिमीटर असेल, तर सळईचे कवच गेलेले आहे, वरून भिंत कितीही गुळगुळीत दिसो. पण वाशी खाडीकाठी आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड आत गेले असेल तर गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजते, म्हणून क्लोराइडची चाचणी अहवालात नसेल तर ती मागा.

स्वतः जाऊन स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमधल्या) कॉलमचे पाय, बाथरूमखालचे बीम आणि छज्जे बघा. सळईच्या रेषेत जाणारी उभी चीर गंजाची असते. नव्या पॉलिमर मॉर्टरची ठिगळे ठोकून बघा, बद्द वाजली तर दुरुस्ती वरवरची झाली. हे सगळे खाजगी तपासणीस दाखवू शकेल, पण इमारतीची वर्गवारी ठरवायला महापालिकेच्या यादीवरचाच स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो. आकडे मिळेपर्यंत टोकनची रक्कम देऊ नका.

प्रश्न : ऐरोलीचा फ्लॅट वर्षातून दहा महिने बंद असतो. उघडला की गटाराचा वास येतो. पाइप फुटला असेल का?

बहुधा नाही. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी उभे असते, तेच गटाराची हवा अडवते. बंद घरात ते सुकून जाते. प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता, कमोड फ्लश करा, खिडक्या उघडा. निघताना ट्रॅपमध्ये पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल टाका, म्हणजे पाणी हळू उडेल. पाणी भरूनही दोन दिवसांनी वास येत असेल तर वॉशिंग मशीनचा आउटलेट बघा. तो कितीदा तरी ट्रॅपशिवाय थेट पाइपला जोडलेला असतो.